ब्लॅकने खेळताना मोहरे कामाला कसे लावायचे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी बुद्धिबळावर आलेले बहुतेक प्रश्न एकाच जागी येऊन थांबतात, ब्लॅक मिळाला की जिंकायचं कसं. त्यामुळे हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय, घड्याळ आणि रेटिंगवाले प्रश्न पुढच्या वेळी. एक विनंती, पट मांडून वाचा. ई४, सी५ अशी घरांची नावं सारखी येणारेत, नुसतं वाचत गेलात तर चौथ्या ओळीत डोकं दुखायला लागेल.

प्रश्न: मी ब्लॅकने खेळताना घोडा, प्यादं काहीच फुकट देत नाही, कॅसलिंग (किल्लेकोट) वेळेवर करतो, तरी विसाव्या चालीपर्यंत माझी गुदमर होते आणि मग हळूहळू हरतो. व्हाईटने मात्र बरा खेळतो. चुकतंय कुठे?

फुकट काही न देणं हे निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं म्हणजे समोरच्याला त्रास देणं आणि ते तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. पहिली चाल व्हाईटची म्हणून त्याला थोडा फायदा असतो हे खरंय. मास्टर लोकांच्या डावांचे मोठे डेटाबेस बघितले तर व्हाईटचा स्कोर साधारण ५४-५५ टक्के येतो, ड्रॉचा अर्धा अर्धा गुण धरून. म्हणजे फरक आहे पण एवढासाच. आपल्यातले बरेच जण मात्र ब्लॅक आला की आधीच अर्धे हरलेले असतात, डी६, ई६, ए६, एच६ अशी प्यादी एकेक घर पुढे सरकवून भिंत बांधतात आणि मग त्या भिंतीमागे स्वतःचेच उंट नि हत्ती अडकवून ठेवतात. समोरचा निवांत मधली जागा घेतो, हत्ती मधे आणतो, आणि तुम्ही उंट डी७ की ई७ याचा विचार करत बसता.

माझं मत असं की ब्लॅकचे मोहरे इकडे तिकडे हलवून जागे होत नाहीत, त्यांना रस्ता प्याद्यानेच करून द्यावा लागतो. म्हणून ओपनिंग (डावाची ठरलेली सुरुवात) शिकताना पहिल्या दहा चाली पाठ करण्याआधी त्या ओपनिंगमधला ब्रेक कुठला, म्हणजे समोरच्याच्या प्याद्यांना भिडून पट उघडणारी प्याद्याची चाल कुठली, ते शिका. क्वीन्स गँबिट नावाच्या ओपनिंगमध्ये सी५ किंवा ई५, फ्रेंचमध्ये सी५ आणि मग एफ६, किंग्स इंडियनमध्ये ई५ आणि पाठोपाठ एफ५, आणि सिसिलियनमध्ये तर डी५ सुखरूप खेळता आलं की ब्लॅकचा जीव बहुतेक वेळा भांड्यात पडतो. ब्रेक कधी करायचा, तर व्हाईट एखादी चाल वाया घालवेल तेव्हा, आणि खरं सांगायचं तर चांगले चांगले लोक पण घालवतात.

याचा माझा आवडता डाव म्हणजे रॉटलेवी विरुद्ध रुबिनस्टाईन, लॉड्झ, १९०७. रुबिनस्टाईन ब्लॅकने. सुरुवात अगदी साधी, १ डी४ डी५ (आधी व्हाईटची चाल, मग ब्लॅकची), मग तीन नंबरलाच ब्लॅकचं सी५ (म्हणजे ब्रेक कॅसलिंगच्या पण आधी झाला). १५व्या चालीला व्हाईटने कॅसलिंग केल्यावर पट थांबवून बघा. दोन्ही बाजू हुबेहूब! घोडे सी३-एफ३ आणि सी६-एफ६, उंट बी२-डी३ आणि बी७-डी६, वजीर ई२ आणि ई७, प्यादीसुद्धा तशीच. फरक एवढाच की ब्लॅकचा एक हत्ती डी८वर येऊन बसलाय आणि वर चालही ब्लॅकचीच आहे. हे झालं कसं? व्हाईटचा उंट आधी डी३वर आला, मग सी४वर प्यादं मारायला गेला, मग हाकलल्यावर परत डी३, आणि वजीर आधी डी२ला बसला मग उठून ई२ला आला. दोन चाली अशा गेल्या आणि पहिल्या चालीचा फायदा तर संपलाच, वर एक चाल ब्लॅकच्या खिशात पडली.

यापुढचं बघा, ब्लॅकने घोडा ई५वर आणला, घोड्यांची मारामारी झाली, ब्लॅकचा उंट ई५वर आला आणि व्हाईटने एफ४, ई४, ई५ अशी प्यादी पळवली, त्याला वाटलं असेल आपण जागा घेतोय, उंटाला हुसकावतोय. पण त्या पळापळीत त्याच्याच राजाकडे जाणारे तिरपे रस्ते मोकळे झाले. सी७ला मागे गेलेला उंट बी६वरून शह देत परत आला, एच१च्या कोपऱ्यात राजा, मग घोडा जी४, वजीर एच४, एच२वर मात करायची धमकी. व्हाईटने जी३ खेळून वजिराला हात घातला तेव्हा रुबिनस्टाईनने वजीर हलवलाच नाही, हत्तीने सी३चा घोडा मारला. व्हाईटने वजीर खाल्ला, तर दुसरा हत्ती थेट डी२वर, व्हाईटच्या वजिरापुढे! ई४चा उंट सांभाळणारा तो एकच वजीर, त्याला तिथून ओढलं की बी७चा उंट ई४वर मारून शह देतो, वजीर जी२वर आडवा येतो आणि तिथेच पिन होतो (म्हणजे तिथून बाजूला झाला तर राजाला शह बसतो), मग हत्ती सी३वरून एच३ला आणि व्हाईटने २५व्या चालीला डाव सोडला. एच२वरची मात थांबत नाही. शेवटच्या चित्रात ब्लॅककडे वजीर नाही, एक हत्ती नाही, पण उरलेले चारही मोहरे, दोन उंट, घोडा आणि हत्ती, एकाच राजाकडे बघतायत आणि व्हाईटचा ए१चा हत्ती अख्ख्या डावात हललेलाच नाही.

हा डाव कॉम्बिनेशनसाठी सगळे दाखवतात, मी म्हणतो पहिल्या १५ चालींसाठी बघा.

प्रश्न: 'सक्रिय मोहरा' असं सगळे म्हणतात पण चालू डावात ओळखायचं कसं? माझा घोडा सक्रिय आहे की नुसता भटकतोय हे मला डाव हरल्यावर कळतं.

एक ढोबळ हिशेब आहे. रिकाम्या पटावर कोपऱ्यातल्या घोड्याला २ घरं, मधल्याला ८. उंटाला कोपऱ्यातून ७ आणि मधून १३. वजिराला कडेने २१ आणि मधून २७. आणि हत्तीला? कुठेही ठेवा, १४च. यातून एक गोष्ट आपोआप कळते, हत्तीला मधे आणून काही मिळत नाही, त्याला मोकळी फाईल (पटावरची उभी रांग) लागते. म्हणून परत तेच, प्यादी मारली गेल्याशिवाय हत्ती जागा होत नाही, आणि जे लोक दोन्ही हत्ती ए८ नि एफ८वर ठेवून हल्ला करायला जातात त्यांचा हल्ला दोन तीन चालीत का विझतो याचं उत्तरही तेच.

पण घरं मोजून भागत नाही, त्या मोहऱ्याला काम काय आहे ते बघायचं. १९८५च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला कार्पोव्ह-कास्पारोव्ह १६वा डाव घ्या. कास्पारोव्ह ब्लॅकने, त्याने आठव्या चालीला डी५ खेळून चक्क प्यादं दिलं, आणि १६व्या चालीला त्याचा घोडा डी३वर जाऊन बसला. डी३! म्हणजे व्हाईटच्या घरात, पटाच्या तिसऱ्या रांगेत. तिथून तो बी२, सी१, ई१, एफ२, बी४, सी५, ई५, एफ४ अशी आठ घरं धरून होता आणि त्यातल्या सी१ नि ई१ या दोन घरांवर व्हाईटचे हत्ती यायला हवे होते, ते येऊच शकले नाहीत. कार्पोव्हचा एक घोडा बी१वर परत गेला, दुसरा ए४वर कडेला अडकला. त्या एका घोड्याने चार मोहरे बंद केले, प्याद्याचा हिशेब कुणी विचारेना. डाव ४० चालीत ब्लॅकने जिंकला, आणि त्या मॅचनंतर २२ वर्षांचा कास्पारोव्ह चॅम्पियन झाला, १३-११ने.

म्हणून घोडा भटकतोय का हे ओळखायची माझी कसोटी अशी: त्याला तिथून कोण हाकलू शकतं? एखादं प्यादं येऊन त्याला उठवणार असेल तर तो पाहुणा आहे. प्याद्याने उठवता येत नसेल आणि मोहऱ्याने मारायला गेलं तर समोरच्याचंच नुकसान होत असेल तर तो मुक्कामाला आलाय. आणि चालू डावात काहीच सुचत नसेल तर स्वतःला विचारा, माझा सगळ्यात बेकार मोहरा कुठला? त्याला हलवा. हा सल्ला जुना आहे, सगळे कोच देतात, आणि तरी दहातले नऊ खेळाडू जो मोहरा आधीच मस्त बसलाय त्यालाच अजून मस्त करायला जातात कारण त्याच्याशी खेळायला मजा येते.

प्रश्न: मी बेन्को गँबिट (सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं द्यायचं ब्लॅकचं ओपनिंग) खेळतो. क्लबमधले मित्र म्हणतात प्यादं फुकट देतोस, इंजिनसुद्धा (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) व्हाईटला बरं दाखवतं. मग प्यादं देऊन सक्रियता विकत घ्यायची की नाही?

इंजिनचं आधी. इंजिन +०.५ (साधारण अर्ध्या प्याद्याचा फायदा) दाखवतं म्हणजे दोघंही बिनचूक खेळले तर व्हाईट जरा बरा. समोर बसलेला माणूस बिनचूक खेळणार आहे का हे इंजिनला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

आता बेन्को. १ डी४ घोडा एफ६, २ सी४ सी५, ३ डी५ बी५ आणि व्हाईटने आधी बी५चं, मग ए६चं अशी दोन्ही प्यादी घेतली की ब्लॅकला ए आणि बी अशा दोन फाईल्स अर्ध्या मोकळ्या मिळतात, जी७चा उंट थेट बी२कडे बघतो, आणि ब्लॅकच्या स्वतःच्या प्याद्यांत कुठे भोक पडलेलं नसतं. मला बेन्को आवडतो तो याच्यासाठी की यातला दबाव वजीर मारले गेले तरी राहतो. ए२, बी२ सांभाळत व्हाईटचे हत्ती मागेच बसतात. बाकी बहुतेक गँबिटमध्ये वजिरांची अदलाबदल झाली की दिलेल्या प्याद्याची आठवण यायला लागते.

कास्पारोव्हचं ते वरचं डी५ तसं नव्हतं. कार्पोव्हनेच पुढच्या वर्षी, १९८६ला, दुसऱ्या एका खेळाडूविरुद्ध १२व्या चालीला उंट ई३ खेळून त्या गँबिटची हवा काढली. म्हणजे डाव अजरामर पण ओपनिंग बाद, असंही होतं. उलट मार्शल अटॅक या ब्लॅकच्या ओपनिंगचं बघा. १९१८ला न्यूयॉर्कमध्ये मार्शलने कापाब्लांकावर तो काढला, डी५ देऊन ई५चं प्यादं सोडलं, हल्ला केला, आणि कापाब्लांकाने पटावर बसून एकेक चाल शोधत तो परतवला आणि डाव जिंकला. एवढं होऊनही ते ओपनिंग मेलं नाही, नंतर लोकांनी ११व्या चालीला घोडा एफ६ ऐवजी शांतपणे सी६ खेळायला सुरुवात केली आणि आजही टॉपचे खेळाडू व्हाईटने खेळताना ते टाळायला वाटा शोधतात.

तुम्ही कुठल्याही डावात प्यादं द्यायच्या आधी एकच बघा, पुढच्या तीन चार चालीत समोरचा कॅसलिंग करून, उंट बाहेर काढून, निवांत होऊ शकतो का? होत असेल तर देऊ नका. त्याला प्रत्येक चालीला काहीतरी सांभाळावं लागत असेल तर द्या, आणि दिल्यावर ते परत मिळवायची घाई करू नका. घाईघाईने प्यादं वसूल करून सगळा दबाव सोडून देणारे गँबिटवाले मी गँबिट हरणाऱ्यांपेक्षा जास्त बघितलेत.

प्रश्न: समोरच्याने माझ्या राजावर मोहरे आणले की मला घाम फुटतो. मी सगळं सोडून घोडा, हत्ती, उंट राजाजवळ आणतो, तरी मात होते. (शाळेत आहे, नववीत.)

कडेने हल्ला आला तर मधून उत्तर दे, हे वाक्य तू ऐकलं असशीलच. ते दिसतं कसं ते सांगतो, आरोनियन विरुद्ध आनंद, नेदरलँड्समधली वाईक आन झेची स्पर्धा, जानेवारी २०१३. आनंद ब्लॅकने, ओपनिंग सेमी-स्लाव्ह.

१२व्या चालीला आरोनियनने घोडा जी५वर आणला, एच७वर डोळा, मागून डी३चा उंट आणि सी२चा वजीर पण तिकडेच बघतायत. तू काय केलं असतंस? एच६ किंवा जी६, हो ना. आनंदने सी५ खेळला! तिकडे लक्षच दिलं नाही. घोड्याने एच७ मारलं, म्हणजे घोडा आता एफ८च्या हत्तीवर. आनंदचा घोडा जी४वर. व्हाईटने एफ४ खेळून एच२ सांभाळलं, ब्लॅकने डी४वर प्यादं मारलं, व्हाईटने परत मारलं, आणि मग आनंदचा उंट सी५वर गेला, जिथे तो डी४च्या प्याद्याने सरळ खाता येतो. पुढच्या चालीला दुसरा घोडा ई५वर, तोही प्याद्याच्या तोंडात. एच७चा घोडा तसाच, एफ८चा हत्ती तसाच, आनंदला त्याचं काही पडलेलं नाही.

तो ई५चा घोडा खाल्ला असता तर? वजीर डी४वर मारून शह, राजा एच१, मग वजीर जी१वर जाऊन शह, हत्तीला तो मारावाच लागतो, आणि घोडा एफ२वर मात. राजाभोवती त्याचेच मोहरे, हलायला जागा नाही. हे तू पटावर मांडून स्वतः बघ, मजा येईल.

२३ चालीत संपला डाव, ०-१. आणि आता मोज, व्हाईटचा एक घोडा किती फिरला: एफ३, जी५, एच७, एफ८, जी६ आणि तिथे मेला. सी१चा उंट नि ए१चा हत्ती मात्र डाव संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. म्हणजे हल्ला करायला आले कोण, दोन तीन जणच. समोरचे किती मोहरे खरोखर हल्ल्यात आहेत ते मोजायची सवय लाव. दोनच असतील तर मधे ब्रेक कर, फाईल उघड, तिकडचे तुझे मोहरे त्याच्या झोपलेल्या मोहऱ्यांपेक्षा आधी पोचतील. चार पाच असतील आणि मधली प्यादी एकमेकांत अडकून बंद असतील तर मात्र राजाजवळ माणसं आणावीच लागतात, तेव्हा हिरोगिरी नको.

प्रश्न: फ्रेंच खेळतो. सी८चा उंट जन्मभर जेलमध्ये. त्याला सक्रिय करायचा काही मार्ग?

आहेत की. ३ ई५ नंतर बी६ खेळून उंट ए६वर आणा आणि व्हाईटच्या चांगल्या उंटाशी बदला, तुमचा बेकार देऊन त्याचा भारी घेतला, यापेक्षा चांगला सौदा नाही. व्हाईट तो सौदा टाळायला एखादी चाल वाया घालवत असेल तरी चांगलंच. दुसरा मार्ग लांबचा, डी७, ई८ आणि तिथून जी६ किंवा एच५. हा तीन चालींचा प्रवास आहे, मधलं बंद असेल तरच करा. आणि तिसरा, एफ६ मारून ई५ फोडायचं, मग ई६चं प्यादं जरा कमकुवत होतं पण एफ फाईल हत्तीला मिळते, आणि हत्ती एफ३च्या घोड्यावर लागला की उंटाचं दुःख तुम्ही विसरून जाल. फ्रेंच खेळणाऱ्यांनी उंटाबद्दल रडणं बंद करावं असं माझं प्रामाणिक मत आहे, सी५ वेळेवर न खेळल्याने जास्त डाव जातात.

प्रश्न: सक्रिय खेळायचं म्हणून मी वजीर लवकर बाहेर काढतो. बरोबर ना?

नाही. वजीर जितका महाग तितका पळणारा, त्याच्यावर कुणीही साधं प्यादं सोडलं तरी त्याला उठावं लागतं आणि प्रत्येक उठण्यात समोरचा एक मोहरा बाहेर काढतो. स्कँडिनेव्हियनमध्ये दुसऱ्याच चालीला वजीर डी५वर येतो आणि घोडा सी३ने त्याला हाकलतो, ते ओपनिंग खेळण्यासारखं आहे कारण नंतर ब्लॅकचा सेटअप भक्कम असतो, वजीर बाहेर आहे म्हणून नाही.

प्रश्न: वजीर गेले, मोहरे कमी झाले, की सक्रिय खेळायचं प्रयोजन संपतं का? एंडगेममध्ये मी नुसतं प्यादी सांभाळतो.

उलट वाढतं हो. मिडलगेममध्ये सात मोहऱ्यांतला एक झोपला तर चालून जातं, एंडगेममध्ये दोनातला एक झोपला तर अर्धं सैन्य गेलं. हत्तीच्या एंडगेममध्ये तर मी प्यादं देऊन हत्ती पुढे काढायला नेहमी तयार असतो, ब्लॅकसाठी म्हणजे दुसऱ्या रांगेवर, समोरच्याच्या प्याद्यांच्या मागे. स्वतःच्या प्याद्याला चिकटून बसलेला हत्ती म्हणजे पगारी पहारेकरी. आणि राजा! वजीर गेल्यावर राजा लपवून ठेवायचा नसतो, तो मधे आणायचा.

२०२४ची सिंगापूरची वर्ल्ड चॅम्पियनशिप, डिंग लिरेन विरुद्ध गुकेश, शेवटचा १४वा डाव, स्कोर बरोबरीत, गुकेश ब्लॅकने. दोघांकडे हत्ती, उंट आणि थोडी प्यादी, गुकेशकडे एक प्यादं जास्त. सगळे ड्रॉ म्हणत होते आणि तो ड्रॉ होताही. गुकेश खेळत राहिला, घाई नाही, राजा मधे, प्यादी हळूहळू पुढे. डिंगचा उंट तेव्हा ए८च्या कोपऱ्यात होता. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२वर आणून हत्तींची अदलाबदल पुढे केली, गुकेशने हत्ती मारले आणि लगेच उंट डी५वर आणून त्या कोपऱ्यातल्या उंटासमोर उभा केला. कोपऱ्यातला उंट, त्याला पळायला दुसरी रेषाच नाही, म्हणून उंटही मारले गेले आणि नुसत्या राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये गुकेशचं जास्तीचं प्यादं जिंकलं. ५८ चाली, साडेसात-साडेसहा, १८व्या वर्षी चॅम्पियन. तो उंट ए८ऐवजी मधे कुठेतरी असता तर डी५ची चाल एवढी लागली नसती. हत्ती बदलणं ही चूक झालीच, पण ती चूक एवढी महाग पडली ती उंटाच्या जागेमुळे.

म्हणून अदलाबदल करताना ठेवलेलं काय ते आधी बघा. तुमचा मुक्कामाला बसलेला घोडा त्यांच्या झोपलेल्या उंटाशी बदलू नका, भले दोघांची किंमत पुस्तकात तीन-तीन असेल. ब्लॅकचे लोक हे फार करतात, दबाव आहे, टेन्शन येतंय, चला मारामारी करून टाकू. टेन्शन समोरच्यालाही असतं.

प्रश्न: माझे सगळे मोहरे मस्त बसलेत, व्हाईट अडकलाय, पण मला जिंकायची चाल दिसत नाही. अशा वेळी ब्लॅकने ड्रॉ ऑफर करावी का?

नको. सगळे मस्त बसलेत असं वाटतं तेव्हा परत एकदा बघा, बहुतेक वेळा एक हत्ती किंवा राजाजवळचा एखादा उंट अजून घरीच असतो, त्याला आणा. तोही आलेला असेल तर दुसरीकडे एक कमकुवत जागा तयार करा, ए प्यादं किंवा एच प्यादं पुढे ढकलून. अडकलेल्या माणसाला दोन ठिकाणी सांभाळायला लागलं की तो चुकतो. समोरच्याच्या घड्याळावर पण नजर ठेवा, अडकलेला माणूस वेळ फार खातो. आणि पोझिशन तीनदा रिपीट होत नाहीये ना तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर तोच ड्रॉ मागेल.

एवढं सगळं करून खरंच काही उरलं नसेल तर ऑफर करा, पण नियमाप्रमाणे करा: आधी पटावर चाल खेळायची, मग तोंडाने ऑफर, मग घड्याळ दाबायचं. समोरचा विचार करत असताना मधेच ड्रॉ विचारणं म्हणजे त्याला त्रास देणं धरलं जातं, आर्बिटर (पंच) ताकीद देऊ शकतो.